पंचमीच्या बांगड्या

बिलकीसबीनं सुकन्याचा हात आपल्या गुडघ्यावर ओढून घेतला आणि पहिली हिरवी बांगडी दाबत दाबत मनगटावर चढवली. सकाळपासून किती हात झाले, याचा हिशेब तिनं कधीच सोडला होता. पंचमी तोंडावर आली की मुखेडच्या आसपास मन्यारणीला पाणी प्यायला सवड नसते. त्यात यंदा हे दुसरं काम गळ्यात पडलेलं.

दुसरं काम म्हणजे बुद्धप्रिया मॅडमचं. तालुक्याच्या दवाखान्यात मनाच्या आजाराचं बघणारी ही पोरगी एक दिवस दुकानात येऊन बसली. म्हणाली, “चाची, आमच्या शिबिराला बायका येतात, च्या पितात, मान डोलावतात अन् जातात. तोंड कोणी उघडत नाही. तुमच्या हातात हात दिला की मात्र बोलतात. मराठ्याची असो, लिंगायताची असो नाहीतर तुमच्या मोहल्ल्यातली. नुसतं विचारा, झोप लागते का, जेवण जातं का. कोणी खचलेली दिसली तर माझ्याकडं पाठवा.”

बिलकीसबी हो म्हणून बसली. नाही म्हणायला जमलं असतं तर आणखी काय पाहिजे होतं! तेव्हापासून संध्याकाळी पेटी हलकी व्हायची आणि डोकं जड. घरी गेल्यावर सुनेनं वाढलेलं ताटही तिला नकोसं वाटायचं.

या घरची सून सुकन्या संक्रांतीला बांगड्या भरता भरता घळाघळा रडली होती. काही विचारायच्या आतच सासू येऊन उभी राहिली. पोरीनं जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर, हा घोर बिलकीसबीला तेव्हापासून लागला होता. आज ती ठरवूनच आली होती. सासू सिंधुबाई बाहेर ओसरीवर डाळ निवडत बसलेली.

“झोप लागते का गं रात्री?” तिनं आवाज खाली घेऊन विचारलं.

“लागते की.”

“खरं सांग. मी कोणाला बोलायची न्हाई. सासूचा जाच हाय का?”

सुकन्यानं दाराकडं बघितलं.

“जाच कशाचा, चाची. त्या तं बोलतच न्हाईत. मामंजी गेल्यापासून रात्री उठून आडावर जाऊन बसत्यात. मी मागं पळते, हाताला धरून आणते. परवा म्हणल्या, कशाला आलीस, सुटले असते मी. ह्यांना सांगितलं तं म्हणतात, वय झालं. दवाखान्याचं नाव काढलं की त्या म्हणत्यात, मला येडी ठरवून राहिले का. सांगू कोणाला? त्याच्यापायीच रडले होते मी.”

बिलकीसबीचा हात थांबला. सिंधुबाईचा नवरा हणमंतराव गेल्यापासून दर सणाला ती या घरात आली होती. दर वेळी सिंधुबाईच्या पुढ्यातून गेली, ‘बऱ्या हाव ना’ म्हणाली आणि उत्तराला न थांबता आत शिरली. नवरा गेलेल्या बाईचं मन्यारणीकडं काय काम? गावात अशा कितीतरी होत्या. ज्यांच्या हातात बांगडी चढायची नाही, त्यांना झोप लागते का, हे तिनं एकीलाही विचारलं नव्हतं. आपण एवढ्या जुन्या, आणि आपल्याला एवढंही सुचू नये, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

उरलेल्या बांगड्या तिनं भरल्या. सुकन्या रीतीप्रमाणं पाया पडली. बिलकीसबी पेटी तिथंच सोडून बाहेर आली आणि सिंधुबाईसमोर टेकली.

“झाल्या भरून?” सिंधुबाईची नजर सुपातच होती.

“झाल्या. आता तुमचा हात द्या.”

“येडी का काय तू बिलकीस. मला कुठं भरायच्यात आता?”

“बांगड्या न्हाई आणल्या मी बाहेर. नुसता हात द्या.”

सिंधुबाईनं एकदा आत सुनेकडं बघितलं, एकदा रस्त्याकडं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मग पदराला डाळीची धूळ पुसून तिनं हात पुढं केला. बिलकीसबीनं तो दोन्ही हातांत घेतला. सिंधुबाईची बोटं आपसूक जुळून निमुळती झाली, बांगडी चढवून घेताना बायका करतात तशी. ते तिच्या ध्यानात आलं आणि ती हात ओढून घ्यायला लागली. बिलकीसबीनं सोडला नाही.

“झोप लागते का?”

सिंधुबाईनं दुसऱ्या हातानं सुपातली डाळ सारखी केली. आत सुकन्यानं भांड्यांचा आवाज थांबवला होता.

“रात्र सरत न्हाई गं,” सिंधुबाई म्हणाली. मग तिनं बिलकीसबीकडं बघितलं. “तुला उशीर होईल. खालच्या आळीतल्या बायका वाट बघत असत्याल.”

“होऊ द्या,” बिलकीसबी म्हणाली. “बोला तुम्ही.”