पांढऱ्या भांड्यातलं लाल पाणी

फुंकरबाबाला या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी पाहू. पैसा तो घेत नसे. तशी पाटीच दारावर होती. त्याला हवा होता बोलबाला. एक रोगी बरा झाल्याची बातमी सुटली की आजारी घरं आपल्या पायांनी चालत येतात, आणि येताना कोणी रिकाम्या हातानं येत नाही. भांडवल म्हणाल तर पेलाभर पाणी आणि एक फुंकर.

त्या दुपारी त्याच्या खोलीबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. आतून एक पांढरं भांडं आलं आणि हातोहात फिरलं. भांड्यात लघवी होती, आणि ती लाल होती. एरवी नाकाला पदर लावणाऱ्या बायका वाकवाकून बघत होत्या. विष उतरलं, विष उतरलं, असा गलका झाला.

भांडं होतं घड्याळवाल्याच्या धाकट्या बहिणीचं. शाळेचे गणवेश शिवणारी ही बाई. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. साऱ्या गल्लीला हे ठाऊक होतं, तिला सोडून. घरच्यांनी तिला "रक्त कमी झालंय" एवढंच सांगितलं होतं. इस्पितळातही दादानं, म्हणजे या घड्याळवाल्यानं, बजावलं होतं, तिच्यासमोर अवाक्षर काढायचं नाही, काय ते मला सांगा.

आणि नवं औषध सुरू होण्याआधी सांगायला सिस्टर बसल्या तेव्हा? केस गळतील, तोंड येईल, इथवर त्या पोचल्या आणि दादा उठला. "पुरे, सिस्टर. मला ऐकवत नाही." घड्याळातला बारीक स्क्रू पडला तर तासभर फरशीवर रांगणारा हा माणूस, बहिणीच्या औषधाची निम्मी माहिती टेबलावर टाकून बाहेर आला. आपण ऐकलं नाही तर ते घडणार नाही, असं काहीसं त्याच्या मनात असावं.

बाबाची रीत ठरलेली होती. पहिला प्रश्न, सुई कधी टोचली? बरेच दिवस झाले असतील तर तो हात जोडून परत पाठवी. "विष झोपलंय, बाळा. सुई त्याला जागं करते. पुढची सुई घेतलीस की घरीसुद्धा न जाता इकडे ये. जागं झालं की ओढायचं काम माझं." सुईला एवढा मान देणारा बाबा लोकांना भलताच सुधारलेला वाटे. बहीण सांगितल्याप्रमाणे नव्या औषधाची पहिली सुई घेऊन थेट आली, फुंकरीचं पाणी प्याली, आणि भांडं लाल झालं. दादा भिंतीला टेकून रडला. आनंदानं रडायची वेळ त्याच्यावर फार दिवसांनी आली होती.

बाबानं लगेच पुढची आज्ञा सोडली. "आता सुई बंद. टोचाल तर नवं विष भराल." सुई चालू राहिली असती तर श्रेयाला वाटेकरी आला असता.

पुढची सुई चुकवली. मग ताप आला. बाबाचा निरोप आला की उरलंसुरलं विष जळतंय, गोळीदेखील देऊ नका. संध्याकाळी बहीण थंडीनं कुडकुडू लागली, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं.

वहिनी म्हणाली, "तुम्ही बाबाला विचारत बसा. मी गाडी बोलावते."

"अगं, विष जळतंय..."

"ती जळतेय. हात लावून बघा तिला."

बहिणीनं डोळे उघडले. "दादा, मला काय झालंय? खरं सांग. रक्त कमी झालेल्या बाईला बघायला एवढी माणसं येत नाहीत रे."

दादानं तिला उचललं.

इस्पितळात धावपळ झाली, सलाइन लागलं, रक्त तपासायला गेलं. दारात उभ्या दादानं सिस्टरना भांड्याची हकिगत सांगितली; अजूनही त्याला त्यात आशा दिसत होती. सिस्टर त्याला शेजारच्या खाटेपाशी घेऊन गेल्या. तिथल्या आजोबांना तेच औषध चाललं होतं, नळीतून सरबतासारखं लालभडक. खाटेखाली लघवीची पिशवी, तीही लाल.

"यांच्यावर कोणी फुंकर मारली?" सिस्टरनी विचारलं.

दादा वाकून पिशवी बघू लागला.

"औषधाचाच रंग आहे तो. एक-दोन दिवस उतरतो, मग जातो. तुमचा बाबा वर्षानुवर्षं याच वॉर्डात लघवीची भांडी उचलायला होता. दुसरं काही नसेल, पण एवढं तो शिकला." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी पुढं हेच सांगणार होते. सुईपाशी जळजळलं तर त्या क्षणी बोलायचं. मधूनमधून हृदय तपासून घ्यायचं. या औषधानं अंगातली लढणारी शक्ती खाली जाते, म्हणून ताप आला तर कोणाला न विचारता इथं पळत यायचं. आणि मनानं सुई थांबवायची नाही."

चमत्कार एवढाच होता. अशी औषधं कठोर असतात, आणि त्यांचे त्रास ऐकायलाही छाती लागते. तरी शेवटपर्यंत ऐकावेत, न कळलं तर पुन्हा विचारावं, आणि ज्याच्या अंगात ती सुई जाते त्याला सगळ्यात आधी सांगावं. लाल दिसलं की लाल कशानं झालं, हे कोणालाही विचारता येतं. त्या गर्दीत ते कोणी विचारलं नाही.

बहीण अतिदक्षता विभागातून जिवंत बाहेर आली. मागे हटलेला रोग मधल्या काळात पुन्हा पुढं सरकला होता. उपचार पहिल्यापासून, जास्त कडक. डॉक्टरांनी कसलाही शब्द दिला नाही.

आता कोणी काय भरलं ते मांडू. बाबानं काहीच नाही. तो दुसऱ्या वस्तीत गेला, पाटी घेऊन. गल्लीनं थोडी लाज भरली, तीही लवकर विसरली. दादानं झोप भरली. बाकी सगळं तिनं भरलं, आणि या व्यवहारात तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.