चार राण्या

राजम्याचा एक दाणा टेबलाच्या कडेवरून घरंगळला आणि फरशीवर टक् करून पडला. हातात पत्ते धरून मी किती वेळ गप्प बसले होते, ते त्या आवाजानेच मला कळलं.

"विचार कर पोरी, पण मुक्काम ठोकू नकोस," पॉप म्हणाले.

पॉप म्हणजे माझे सासरे, वेंडेल; आमच्यापासून चार घरं पलीकडे राहतात. आमच्या विनेमका गावाच्या महामार्गावर एक कॅसिनो आहे, तिथे त्यांनी एकतीस वर्षं पत्ते वाटले. अजूनही जेवण झालं की टेबलावरून उठताना ते एक टाळी वाजवतात आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवतात. जागा सोडताना डीलरने हातात काही लपवलेलं नाही, हे दाखवायची ती रीत. आमच्या टेबलावर लपवण्याजोगं खिम्याच्या मीटलोफशिवाय काही नसतं, पण हात ऐकत नाहीत.

माझी पाच वर्षांची ओपल त्यांच्या भरवशावर होती. साडेअकराला तिची बालवाडी सुटते. मी चारपर्यंत दवाखान्याच्या काउंटरवर, नवरा क्लेटन सोन्याच्या खाणीवर, पहाटेच्या बसने जायचा तो अंधार पडता परतायचा. पॉप आपला छोटा पिकअप ट्रक घेऊन जायचे, तिला रुळांपलीकडून आणायचे, चीज-सँडविच करून घालायचे. पैशांचं नाव काढलं की म्हणायचे, "नातीचं भाडं लावू?" म्हणून सासूबाई, अर्डिस, गेल्यावर मीच एकदा म्हटलं, रविवारी दुपारी मला पोकर शिकवा. सहा महिन्यांत ते पहिल्यांदा हसले होते. "तुला? तुझ्या तोंडावर तर आज काय शिजलंय तेही वाचता येतं."

खेळ सोपा वाटतो. प्रत्येकाला पाच पानं. नको ती टाकायची, तेवढीच नवी घ्यायची. मग पैज लावायची, आमच्याकडे राजम्याच्या दाण्यांची. ज्याची पानं भारी त्याचे सगळे दाणे. आणि दम नसला तर पानं उपडी टाकून बाहेर पडायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "टाकलेली पानं मेली. ती उलटायची नाहीत. माणसाने काय टाकलं ते त्याचं त्याच्यापाशी." दुसरा धडा चेहऱ्याचा. पानं हातात आली की चेहऱ्याला कुलूप. त्यांच्या चेहऱ्याचं कुलूप तर असं, की मी आठवडेच्या आठवडे त्याच्याकडे बघून शिकत होते. भुवई नाही, ओठ नाही, पापणीसुद्धा नाही.

आणि गेले तीन रविवार मी जिंकत होते.

क्लेटनचा विश्वास बसेना. "पॉप हरले? अगं, मी सात वर्षांचा असताना रडून रडून ओकलो होतो, तरी त्यांनी मला एक डाव सोडला नाही. आणि त्या दिवशी वाढदिवस होता माझा."

"मुलाला नाही सोडला. सुनेचे लाड असतील."

"त्यांनी लाड आईचेसुद्धा केले नाहीत पत्त्यात. तुला येतंय, नोरीन. खरंच येतंय."

मला ते फार आवडलं होतं. दवाखान्यात मी दोघीतिघींना सांगूनही टाकलं.

त्या रविवारी माझ्याकडे दोन नव्व्या होत्या. बाकी कचरा. तीन पानं बदलली, पुन्हा कचराच आला. पॉपनी आपली पाच पानं पंख्यासारखी उघडली, खूप वेळ पाहिली, आणि एकही बदललं नाही.

एवढं तर मला आता कळत होतं. जो एकही पान बदलत नाही, त्याच्याकडे सगळं आधीच आलेलं असतं. पण तीन रविवारांची हवा डोक्यात होती. चेहऱ्याला कुलूप घातलं आणि दहा दाणे पुढे सरकवले.

पॉपनी माझ्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं.

"काही नाही आज," म्हणाले, आणि पानं उपडी टाकली.

मी दाणे ओढले. पण डोक्यात तेच फिरत राहिलं. काहीच नव्हतं, तर बदलली का नाहीत? म्हणजे मुद्दाम हरतायत. म्हातारा मऊ पडला शेवटी. मला हसू आलं, आणि त्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून मी हात लांब करून ती मेलेली पानं उलटली.

राणी. राणी. राणी. राणी. आणि एक चौकटची तिर्री.

चार राण्यांना हरवणारी पानं माणसाला जन्मात एकदोनदा दिसतात. ही टाकून कोणी कोणाचे लाड करत नाही. ही पानं सुनेसाठीच काय, देवासाठीही टाकली जात नाहीत.

"पोरी." त्यांचा आवाज कडक झाला. "पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"पॉप, यात काय आहे?"

"टाकलेल्या पानांना—"

"सांगा ना. काय आहे यात?"

ते पानांकडे बघत राहिले. चेहरा तोच. बंद. आणि मला कळलं. इतके रविवार ज्याला मी कुलूप समजत होते, त्यामागे ते स्वतःच वाट शोधत उभे होते. त्या चेहऱ्याने आम्हा सगळ्यांना फसवलं होतं, आणि तसं करायला तो एकतीस वर्षं शिकला होता.

"बायका," ते म्हणाले. मग जरा थांबून, "चार बायका. एका माणसाला जरा जास्तच झाल्या."

मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

"म्हणजे भारी की हलकं, पॉप?"

त्यांनी एका राणीवर बोट ठेवलं, उचललं. "कधीकधी लक्षात येतं," म्हणाले. "सकाळी येतं. अर्डिस होती तेव्हा ती पायाने ढोसायची टेबलाखालून."

तेवढ्यात ओपल आली, डोक्यावर उशीचा अभ्रा घालून. "कोण जिंकलं?"

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "ओपल, शाळेतून येताना आजोबा गाडी कशी चालवतात गं?"

"मी चालवते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तोंडाने. आमचा खेळ आहे. मी म्हणते आजोबा, डावीकडे. मी म्हणते थांबा, आगगाडी. पाण्याची टाकी आली की उजवीकडे. मी एकदा विसरले, तर आम्ही लांब गेलो, जिथे नुसत्या गाई होत्या. तिथे आम्ही गाणी म्हटली." तिने अभ्रा वर केला. "मी एकदाच विसरले, आई."

महामार्ग डोळ्यांपुढे आला, ते ऐंशी मैलांनी जाणारे ट्रक, रुळांवरचं उघडं फाटक. रोज दुपारी मी काउंटरवर लोकांना पुढच्या तारखा देत असायचे, आणि माझी मुलगी त्या सगळ्यातून आपल्या आजोबांना घरी आणत असायची.

"गुणी आहे ती," पॉप म्हणाले. "कधी ओरडत नाही." मग त्यांनी खिशात हात घातला आणि ट्रकची किल्ली राजम्याच्या ढिगाशेजारी ठेवली. "डीलरच्या हातून पान निसटायला लागलं की त्याने आपणहून उठायचं असतं. कोणी उठवेपर्यंत बसायचं नसतं. मी बसलो. थोडा जास्त बसलो."

"पॉप, आपण डॉक्टरकडे जाऊ."

"जाऊ. उद्या. आज घरी जातो."

"ट्रक राहू दे. आम्ही येतो सोडायला."

"चार घरं तर आहेत."

"तरी येतो."

त्यांनी टोपी घातली. मी ओपलला बूट चढवले, बंद बांधताना दोनदा चुकले. बाहेर स्वच्छ ऊन होतं, वाऱ्याला सेजच्या झुडपांचा वास. शेजारचे लोवेल गवत कापत होते, त्यांनी हात केला. पॉपनी टोपीला बोट लावलं, नेहमीसारखं. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, रविवारचं कुटुंब फिरायला निघालंय.

कोपऱ्यावर ते थांबले. खिशात हात, मान ताठ, जणू हवा कशी आहे ते बघतायत.

"डावीकडे, आजोबा," ओपल म्हणाली, अगदी हळू.

"तेच म्हणणार होतो," ते म्हणाले आणि वळले.

ती त्यांना थोडं पुढे जाऊ देत मागे राहिली. तिने माझं बोट धरलं आणि त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात विचारलं,

"आई, मी शाळेत असते तेव्हा त्यांना कोण सांगतं?"