सेनापतीचं वजन

सेनापतीच्या छातीत पडणारे ठोके साऱ्या फौजेला दिसायचे. ही काही कविकल्पना नव्हे, बंदुकाच तशा बनवलेल्या होत्या. प्रत्येक बंदुकीच्या दस्त्यावर एक हिरवा दिवा असायचा आणि सेनापतीच्या छातीत बसवलेल्या बोटभर यंत्राच्या तालावर तो लुकलुकायचा. दिवा चालू तर बंदूक चालू. सेनापती मेला किंवा त्याचे ठोके बंदुकांपर्यंत पोचवणाऱ्या मनोऱ्यांच्या टप्प्याबाहेर गेला की साऱ्या बंदुका म्हणजे नुसत्या लोखंडी काठ्या. या ग्रहावर पहिल्यांदा वस्ती करणाऱ्या शहाण्या माणसांनी ही सोय मोठ्या विचाराने केली होती. फौज आपल्याच माणसांवर उठली तर एका माणसाचं मन वळवलं की भागेल, असा त्यांचा हिशेब. पण बंदुका त्यांनी बांधल्या त्या नाडीला. मन वळलं म्हणून नाडी थांबत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही.

सेनापतीची मोठी बहीण यानतळावर वजनकाट्यावर कामाला होती. खनिजाचं यान ठरलेल्या वजनाचंच भरावं लागे. जरा कमीजास्त झालं की ते वाट सोडून कुठल्या कुठे जायचं. म्हणून यान सुटायच्या आधी शेवटचा शब्द तिचा. सगळा तळ तिला काटेवाली म्हणायचा, आणि तिची जीभ ज्यांना लागली होती ते जरा जास्तच जोर देऊन म्हणायचे. आई गेली तेव्हा भाऊ जेमतेम चालायला लागला होता. बाप दिवसरात्र खाणीत कामाला. मग हिनेच त्याला वाढवलं. काम शिकायला तळावर जाऊ लागली तेव्हा दर आठवड्याला त्याला खनिजाच्या काट्यावर उभं करायची. डोंगर तोलणारा तो काटा, त्यावर हे हाडांचं गाठोडं. सुई हलली तर हलली.

"तेवढाच," ती म्हणायची. "खात जा."

नाव पडलं हडक्या. पुढे तो सेनापती झाला, छातीवर पदकं आली, पण बहिणीच्या तोंडी हडक्याच राहिला. शिपायांसमोर मात्र ती गप्प बसायची, तेवढी समज तिला होती. तशीही शिपायांपासून त्याची कुठली गोष्ट लपणार होती? एकदा पुलावर शाळेतल्या बाईंशी दोन शब्द बोलताना साऱ्या फौजेचे दिवे भराभर लुकलुकायला लागले आणि महिनाभर छावणीत दुसरा विषय नव्हता. बिचाऱ्याने पुन्हा त्या पुलावरून जाणंच सोडलं. लग्न राहिलं ते राहिलंच.

वस्तीचे दोन भाग होते. वरच्यांकडे ऊन, म्हणून वीज. खालच्यांकडे बर्फ, म्हणून पाणी. यांनी वीज द्यायची, त्यांनी पाणी द्यायचं, इतका सरळ मामला. पण मधल्या पुलाच्या कठड्याला रंग कोणता द्यायचा यावरही ज्यांचं कधी एकमत झालं नाही, त्यांच्या हातात सरळ मामला किती दिवस सरळ राहणार? त्या वर्षी खालच्या दवाखान्याची वीज तोडली गेली आणि माणसं शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावली. दुसऱ्या दिवशी वरची पाण्याची वाहिनी फुटली. कोणी काय केलं हे विचारायच्या आत शिपाई आपापल्या घरी पांगले, बंदुका घेऊन. सेनापतीने बंदुका जमा करायचा हुकूम सोडला. शिपायांनी अदबीने सलाम केला आणि एकही बंदूक परत आली नाही. सेनापतीची आई खालची, बाप वरचा. दोन्हीकडचे त्याला आपला म्हणायचे आणि दोन्हीकडचे त्याला फुलासारखे जपायचे, कारण त्याच्या जिवावर त्यांच्या बंदुका जिवंत होत्या. त्याला शिंक आली तरी दोन डॉक्टर धावायचे, एक वरचा आणि एक खालचा.

पुलावर दोन्ही फळ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. संध्याकाळचा भोंगा वाजेपर्यंत माघार घ्या, नाहीतर गोळ्या सुटतील, असं दोन्ही भागांच्या पंचायतींनी एकमेकांना बजावलं. इतक्या वर्षांत त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

त्या दिवशी दुपारी सेनापती एकटाच वजनकाट्यावर आला. हातात एक पत्र्याची पेटी. डॉक्टर कुठे आहेत असं बहिणीने विचारलं, तर म्हणाला, कोणाची गोळी आधी द्यायची यावरून भांडतायत, अजून तासभर तरी उरकणार नाही. ती हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. दुपारचं खनिजाचं यान ते वितळवायच्या दूरच्या भट्टीवर जातं. पूर्वी यानाबरोबर चालक जायचा, त्याची खोली, हवेचं यंत्र आणि पाणी शुद्ध करायचं यंत्र अजून यानात आहे. आपण त्यात बसून जाणार. यान टप्प्याबाहेर गेलं की बंदुका विझतील. नवा सेनापती नेमायला दोन्ही पंचायतींची संमती लागते, म्हणजे तो या जन्मी होत नाही. भट्टीवर माणसं आहेत, काम आहे. फक्त तिथून इकडे काही येत नाही, यानही नाही आणि निरोपही नाही.

"ते यंत्र काढून टाकता येत नाही?" तिने विचारलं.

"काढलं तर मी मरतो. आणि काढायला कोणी तयारही नाही. दोघांनाही वाटतं आपणच जिंकणार."

"मग तूच का जायचं? लढू देत मेल्यांना."

"ताई, भोंगा वाजल्यावर जी गोळी सुटेल ती माझ्या ठोक्यावर सुटेल. प्रत्येक गोळी. मी इथे बसून ते मोजत राहू का?"

तिने त्याला काट्यावर उभं केलं. वर्दी, बूट, पदकं यांसकट सुई जिथे थांबली तिथे तिने मान हलवली. मग पेटी ठेवली, आणि सुई पाहून तिच्या कपाळाला आठी पडली.

"पेटी हलकी आहे."

"वाटेपुरतं घेतलंय."

"वाट नऊ वर्षांची आहे, हडक्या. यात नऊ महिन्यांचंही नाही. ते यान आहे, वाटेत खानावळी नाहीत."

तो खाली बघायला लागला. लहानपणी ताटातलं बाकाखाली सरकवून जेवलो म्हणायचा तेव्हाही असाच बघायचा. टप्प्याबाहेर जाईपर्यंत पुरेल, असं तो पुटपुटला.

तेव्हा मात्र ती भडकली. तुला घास घास भरवून मोठा केला तो उपाशी मरायला पाठवण्यासाठी नाही, म्हणाली. वादळात सगळा तळ महिनोन्महिने अडकून पडला तर असावा म्हणून भरलेलं शिध्याचं कोठार तिने उघडलं आणि डबे, पोती, जे हाताला लागेल ते यानात चढवायला लागली. सेनापतीला हमाल केला, त्याची वर्दी पिठाने पांढरी झाली. शिधा जेवढा आत गेला, आणि त्याचं स्वतःचं जेवढं वजन होतं, तेवढं खनिज तिने यानातून उतरवलं. काट्यामागे दोन ढीग पडले. एक मोठा, एक माणसाएवढा.

उरली एक गोष्ट. यान काही आठवडे तरी इथून परत वळवता येत होतं. तो त्यात आहे हे कळलं असतं तर वळवलंच असतं. म्हणून खनिज भरडणाऱ्या क्रशरच्या तोंडाशी त्याने आपली टोपी ठेवली. तोल जाऊन आत पडला, असं तिने सांगायचं. क्रशरमध्ये गेलेल्याचं काही उरत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला रडता येत नाही," ती म्हणाली. "आई गेली तेव्हाही आलं नव्हतं. कोणाचा विश्वास बसणार नाही."

"बसेल."

"पोचलास तरी मला कळणार नाही. मेलास तरी कळणार नाही."

त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला आणि चालकाच्या खोलीत जाऊन बसला. दार लावताना तिला एक नेहमीचं वाक्य म्हणायचं होतं, पण ते आतच राहिलं.

तळाच्या फाटकावर दोन पहारेकरी होते, एक वरचा आणि एक खालचा. कालपरवापर्यंत एका डब्यात जेवणारे, आज एकमेकांकडे पाठ करून उभे. यान सुटलं तेव्हा ती त्यांच्या बंदुकांवरचे दिवे बघत होती. दिवे भराभर, वेड्यासारखे लुकलुकत होते. घाबरला होता तो. लहानपणी अंधाराला घाबरायचा तसाच घाबरला होता, आणि कुशीत घ्यायला तिथे कोणी नव्हतं. मग हळूहळू ठोके सावकाश झाले. मग फिके झाले. यान आभाळात मोहरीएवढं होऊन दिसेनासं झालं आणि दोन्ही दिवे एकदमच विझले. पहारेकऱ्यांनी बंदुका हलवून पाहिल्या, आपटून पाहिल्या, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच एकमेकांकडे तोंड करून काय झालं म्हणून विचारलं.

तिकडे पुलावरही तेच झालं. हजारो दिवे एका क्षणात गेले. भोंगा वेळेवर वाजला, पण कोणाच्या हातून काही सुटलं नाही. काही जणांनी दस्त्यांनी मारामारी केली, दोघांचे दात पडले. त्या युद्धातली एकूण हानी एवढीच.

चौकशीला दोन्ही पंचायतींचे प्रमुख तळावर आले. टोपी पाहिली, क्रशर पाहिला. कोठार रिकामं दिसलं तर दोघांनीही ते दुसऱ्याने लुटलं असं ठरवून टाकलं. काटेवालीने पाठ केलेलं सगळं सांगितलं. पण तिचे डोळे कोरडेच होते, आणि वरच्या प्रमुखाची नजर तिच्यावरून हलेना. सख्खा भाऊ गेला आणि डोळ्यांत टिपूस नाही, हे त्याला पटत नव्हतं. यान कधी सुटलं, असं त्याने विचारायला सुरुवातही केली होती.

तेवढ्यात खालचा प्रमुख, म्हातारा माणूस, सहज माणुसकीने म्हणाला, "जाण्याआधी काही खाल्लं होतं का हो त्याने?"

आणि ती मोडली. जमिनीवर बसली आणि अशी रडली की क्रशर चालवणारे काम सोडून धावत आले. आई गेली तेव्हाचं रडणं, बाप गेला तेव्हाचं रडणं, सगळं साठलेलं त्यातच वाहून गेलं. वरच्या प्रमुखाने मान खाली घातली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही.

मग बसणं आलं, बोलणं आलं. बंदुका नसल्या की बोलण्यावाचून इलाज नसतो. नवा सेनापती कोण यावर पंचायती आजही भांडतात, खुर्च्या फेकतात, आणि घरी जाऊन जेवतात. वीज खाली जाते, पाणी वर येतं. बंदुकांवर लोक कपडे वाळत घालतात. सेनापतीचं स्मारक पुलाच्या कोणत्या टोकाला बांधायचं यावरून इतकी हमरीतुमरी झाली की शेवटी दोन बांधली.

त्याच्या स्मृतिदिनाला लोक काटेवालीला भेटायला येतात. ती सगळं ऐकून घेते. खरं सांगायची सोय नाही. तो जिवंत आहे म्हटलं तर आणखी उंच मनोरा उभारून त्याची नाडी पुन्हा पकडू बघणारी डोकी दोन्हीकडे आहेत. आणि सांगून तरी काय सांगणार? नऊ वर्षं कधीच उलटून गेली. तो पोचला का, वाटेतच राहिला, भट्टीवर कोणी त्याला ताट वाढतं का, तिला काही माहीत नाही. जिवंत भावासाठी ती सगळं रडून बसली. खरं रडायचं कधी, हे तिला कोणी कळवणार नाही. हे दुःख तिला आतून खातं, आणि ते सांगायला तिच्याजवळ कोणी नाही.

शिध्याच्या वजनाचा मोठा ढीग तिने पुढच्याच यानात भरून टाकला. माणसाएवढा ढीग मात्र काट्यामागे तसाच आहे. नवा तळप्रमुख कधीमधी म्हणतो, ते दगड तेवढे उचला, जागा अडते. ती एवढं बोलून घेते की तो पुन्हा वर्षभर विषय काढत नाही. दर आठवड्याला, काम संपलं की ती ते दगड एकेक करून काट्यावर ठेवते. आता कंबर धरते, वेळ लागतो. सुई चढते आणि त्या दुपारी जिथे थांबली होती तिथेच येऊन थांबते.

"तेवढाच," ती म्हणते. "खात जा."

मग दगड परत जागेवर ठेवते.