माझ्या जाळीतली विभूती

मी एक जुना कंडेन्सर माईक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला माणसांच्या तोंडांची किळस येते. तुम्ही बोलता तेव्हा नुसते शब्द बाहेर पडत नाहीत. थुंकीचे तुषार उडतात, ढेकर येतात, दातांत अडकलेला शेंगदाणा जिभेने उकरण्याचा चुटुक-चुटुक आवाज होतो. तुमचे कान हे सारे सोडून देतात. मला सोडता येत नाही. माझ्या जाळीआड कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असा एक पडदा आहे. श्वास लागला तरी तो थरथरतो.

माझा पहिला मालक सुदर्शन. नांदेडजवळ विष्णुपुरीला खोली करून शिकायचा. त्याला गाण्याची हौस. हौसेबद्दल माझी तक्रार नाही, पण हा बहाद्दर गालात सुपारी धरून, ओठ माझ्या जाळीला टेकवून गायचा. लाल शिंतोडे माझ्या तोंडावर! त्याचे मित्र विचारायचे, "सुद्या, माईक हाय का पिकदाणी?" तो खिदळायचा, आणि ज्या रुमालाने नाक पुसले त्यानेच मला पुसायचा. शिक्षण संपल्यावर त्याने मला एका मोज्यात गुंडाळून विकले. मोजा धुतलेला नव्हता.

मला घेतले ते अहमदपूरच्या अमरनाथने, बायकोसाठी. अमरनाथचे बॅगांचे दुकान. त्याची बायको वर्षाराणी. तिने पहिल्याच दिवशी माझी जाळी फिरवून काढली, कोमट पाण्यात बाळाच्या बाटलीच्या ब्रशने घासली, उन्हात कडक वाळवली आणि मगच बसवली. आतल्या पडद्याला बोटसुद्धा लावले नाही. मी जन्मात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

वर्षाराणी लग्नाआधी शिकवायची. आता सहा महिन्यांचे बाळ घरात. लातूरच्या एका अंध मुलींच्या शाळेसाठी चौथीचे धडे वाचून द्यायचे काम तिने घेतले होते. बाळंतपणानंतरचे तिचे हे पहिलेच काम. बाळ त्याच खोलीत झोळीत झोपायचे, म्हणून ती माझ्यापासून हातभर लांब बसून पुटपुटल्यासारखी वाचायची आणि आवाज वाढवायची कळ पार टोकाला फिरवायची. मग मला तिचा आवाज थोडा आणि बाकीचे जग फार ऐकू यायचे.

पहिला धडा पाठवला आणि शाळेतून फोन आला.

"ताई, मी सृष्टी. चौथीतली. तुमच्या धड्यात लई घूंऽऽ करून राहिलंय. आम्ही धडा ऐकावा का मधमाशी हुडकावी?"

मग शाळेच्या बाईंनी फोन घेतला. "वर्षाराणी, सोमवारपर्यंत स्वच्छ आवाज आला नाही तर संगणकाच्या आवाजात धडे करायचं ठरलंय. मलाबी पटत न्हाई, पण परीक्षा तोंडावर आलीय."

मागून सृष्टी ओरडली, "त्यो संगणक स्वल्पविरामाला पण थांबत न्हाई, बाई!"

वर्षाराणीचा चेहरा उतरला. ते पाहून अमरनाथने मोबाईलवर काहीतरी वाचले आणि शुक्रवारी स्टँडजवळच्या गाड्यावरून अंड्यांचे रिकामे ट्रे उचलून आणले. भिंतीला लावले की आवाज घुमत नाही म्हणे! ट्रेंना वाळलेला पिवळा बलक चिकटलेला, एकाला पीस. मला नाक नाही, मित्रांनो, हे त्या दिवशी माझे नशीबच! त्यांच्या खोबणींत झुरळे चालत होती. ती मला ऐकू येत होती.

तेवढ्यात अमरनाथची आई, गुरम्मा, दारात आली.

"शिव शिव शिव! अमऱ्या, हे कशाचं रे?"

"अव्वा, आवाजासाठी..."

"आवाज गेला खड्ड्यात! गळ्यात लिंग हाय आपल्या, अन् तू अंड्याची टरफलं भितीला चिकटवून राहिलास? उद्या दुकानात कोंबड्या बांध!"

ट्रे गेले. मी मनातून गुरम्मांचे पाय धरले. पण त्यांचे समाधान झाले नव्हते. त्यांनी विभूती पाण्यात कालवली, खोलीभर शिंपडली, बाळाच्या कपाळाला लावली आणि शेवटी तीन ओली बोटे माझ्या जाळीवरून आडवी ओढली. "ह्यो बी बाटला असंल बिचारा," म्हणाल्या. केवढी ती माया! आणि केवढा तो माझ्या जाळीतून आत झिरपणारा राखेचा चिखल! शी!

शनिवारी वर्षाराणीने लॅपटॉपचा चार्जर सहज काढला आणि घूंऽऽ एकदम थांबले. तिने प्लग हातात घेतला.

"अहो, याची जाड पिन कुठं गेली?"

"पकडीनं तोडली. बोर्डात बसंना."

"तीच तर अर्थिंगची हो!" तिने कपाळाला हात लावला.

प्लग बदलला. ती माझ्यापासून वीतभर अंतरावर बसू लागली, कळ खाली आणली. मधमाशी मेली. पण आता नवेच दुखणे सुरू झाले: चर्र, चर्र, फट्. तिने तार बदलली, पंखा बंद केला, फ्रीज बंद केला. चर्र, फट्. माझ्या जाळीवरचे तीन पांढरे पट्टे सारा वेळ तिच्या डोळ्यांसमोर होते. पण देवाच्या वस्तूवर कोण संशय घेतो?

रविवारी दुपारी तिने टॉर्च मारून पाहिले. राख ओली होऊन आत बसली होती. ती कितीतरी वेळ मला मांडीवर घेऊन बसली. सासूला सांगायचे कसे?

"काय झालं ग, वर्षे? रडून राहिलीस का?" गुरम्मा दारातून म्हणाल्या.

"न्हाई, आत्याबाई." मग तिने धीर केला. "ही विभूती ओली होती. आत गेलीय. त्यानं आवाज फाटतोय."

मला गुरम्मांच्या छातीची धडधड ऐकू आली.

"म्हंजे माझ्याच हातानं झालं म्हण की!" त्या खाली बसल्या. मग गळ्यातले लिंग चाचपत म्हणाल्या, "माझ्या लिंगावरची कालची इभूती मी रोज धुऊन काढते. तशीच ठिवली तर देवालाबी चालंना, मग ह्याला कसं चालंल? काढ तू. देव काय रागवत न्हाई."

जाळी पुन्हा धुतली गेली. आतली राख वर्षाराणीने श्वास रोखून, कोरड्या मऊ ब्रशने, पडद्याच्या कडेकडेने झाडली. मग नव्या बॅगांत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या अमरनाथने दुकानातून आणल्या आणि त्यांच्यासोबत मला डब्यात बंद केले. ती रात्र आणि दुसरी सकाळ.

सोमवारी दुपारी बाळ झोपले. गुरम्मा बाहेर उंबऱ्यावर राखण बसल्या आणि भंगारवाल्यालासुद्धा हाताने खुणावून त्यांनी पुढे पिटाळले. वर्षाराणीने धडा वाचला. मी ऐकला. आत कुठेच काही चरचरले नाही.

संध्याकाळी फोन आला.

"ताई, मी सृष्टी. बाई म्हणाल्या, संगणक नको."

"आज घूं न्हाई ना?"

"न्हाई. आज मधी कोणीच नव्हतं. नुसत्या तुम्ही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही पान उलटता ना, ते बी ऐकू आलं. ते ठिवा, ताई. ते काढू नका."

मित्रांनो, माझी किळस काही गेलेली नाही. चूळ भरून या, वीतभर लांब बसा, मला ओल्या हाताने शिवू नका, काम झाले की झाकून ठेवा. आणि मायेनेसुद्धा काही माखू नका. तुमच्या नि माझ्या पलीकडे कुणीतरी कान लावून बसलेले असते. तिला दुसरे काहीच दिसत नसते.