परातीत श्वास घेणारं फुप्फुस

पिंपरी पेंढारच्या पटांगणात, एप्रिलच्या भर उन्हात, पाचशे माणूस दाटीवाटीनं बसलं होतं आणि सगळ्यांच्या नजरा एका पितळी परातीवर होत्या. परातीत मेंढ्याचं फुप्फुस. मेंढा कापून तीन दिवस झाले, तरी ते गुलाबी, ना वास, ना माशी. शिवाय ते फुगत होतं, बसत होतं, पुन्हा फुगत होतं! बायका हात जोडून रडत होत्या. मी दातओठ खात उभी होते. मी उपकेंद्रातली नर्स, आणि माझी पेशंट त्या परातीपुढे बसून खोकत होती.

तिचं नाव पुष्पा. वय चोवीस, छातीचा क्षय. सहा महिन्यांचा कोर्स, गोळ्या दिवसाआड माझ्यासमोर गिळायच्या. चार महिने शहाण्यासारख्या गिळल्या, वजनही वाढलं. मग हा प्राणनाथबाबा गावात उतरला आणि म्हणाला, गोळ्यांनी श्वास बाटतो. झालं! दीड महिना पुष्पा फिरकली नाही. घरी गेले तर सासू रतनबाईनं दारातूनच मला वाटेला लावलं. तिची हयात मेंढरांमागं गेलेली. कळपातला सगळ्यात धिप्पाड मेंढा तिनंच बाबाला दिला होता. त्याचा श्वास आज सुनेच्या छातीत उतरणार होता म्हणे.

"विलायतेत काय करत्यात?" बाबानं आवाज चढवला. "काळीज थांबलेल्या माणसाचं फुप्फुस काढत्यात, ताजं ठिवत्यात आन् दुसऱ्याला बसवत्यात! पेपरात आलंय! त्यास्नी बर्फ लागतो, मशिनी लागत्यात. मला फकस्त नाम लागतं!"

"प्राणनाथबाबा की जय!"

बातमी खरी होती, म्हणून तर माझं डोकं जास्तच फिरलं. मेल्यानं चोरी केली तीही डॉक्टरांच्या कष्टाची.

तेवढ्यात माझी नजर खाली गेली. परात ज्या चौरंगावर होती, त्याला चारी बाजूंनी भगवा पडदा. पडद्याखालून पाण्याचा ओघळ आला होता. असल्या उन्हात? बोट बुडवलं, तर गारठलं.

मी सरळ रतनबाईजवळ गेले. "रतनबाई, मेंढरू कापल्यावर त्याचं फुप्फुस कसं तपासता?"

"फोपसा व्हय? नरड्याला तोंड लावून फुकायचं. फुगला की डाग दिसत्यात. रोगट असंल तर टाकून द्यायचा."

"मेलेल्या मेंढ्याचा फुगतो?"

"फुगतोच की, त्यात काय..."

बोलता बोलता ती थांबली. मग पदर खोचून उठली आणि चौरंगाकडे निघाली.

"ए बाई! हात लावू नगंस, भस्म व्हशील!" बाबा ओरडला.

"मेंढा माझा हाय," रतनबाई म्हणाली आणि तिनं फुप्फुस उचललं. नरड्यात रबरी नळी खुपसलेली. तिनं ती उपसली, तसं फुप्फुस मलूल होऊन बसलं आणि नळी तिच्याच तोंडावर फुसफुसत राहिली. मी पडदा ओढला. आत भुशात दोन बर्फाच्या लाद्या, आणि घामानं निथळणारा बाबाचा चेला हौशीराम, लोहाराचा भाता दाबत बसलेला.

"थांबू का आता, बाबा?" त्यानं विचारलं.

बाबा केव्हाच मोटरसायकलवर बसला होता.

मग मी तिथंच सगळ्यांना सांगितलं. काळीज थांबलं तरी फुप्फुस लगेच मरत नाही. आतली हवा त्याला थोडा वेळ पुरते. म्हणून डॉक्टर घाई करतात, ते गार करतात, घरच्यांना विचारून काढतात, तपासतात. तो वेळ तासांत मोजतात, दिवसांत नाही. परातीतलं कधीच मेलं होतं. बर्फानं त्याचं सडणं लांबवलं, भात्यानं नाचवलं. यात नामाचा संबंध कुठं आला?

"पण बाबाचं तेज लई व्हतं," मागून एकजण म्हणालाच. अशा माणसाला काय म्हणावं!

त्याच आठवड्यात पुष्पाचा बेडका तपासून आणला. जंतू परतले होते. आता सहा नाही, आठ महिने, आणि पहिले दोन महिने सुया. हे त्या बाबाचं देणं.

मी हे सांगताना रतनबाई सुनेशेजारी बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "बाई, मी मेले की माझा फोपसा हिला बसंल का?"

दीड महिना मी या बाईवर धुमसत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "ती वेळच येऊ द्यायची नाही, रतनबाई. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

कालच कळलं, बाबानं बोरी बुद्रुकला चौरंग मांडलाय. तिथल्या लोकांनो, फुगतं ते सगळं जिवंत नसतं. जय म्हणायच्या आधी वाका आणि पडदा उचलून बघा. बघितल्यानं कुणी भस्म होत नाही. रतनबाई झाली नाही.

ती आता दिवसाआड सुनेला घेऊन उपकेंद्रात येते. मी गोळ्या देते, पण तपासणी तीच करते.

"आ कर, पुष्पे. जीब उचल. गिळलीस ना? मला बघू दे."