मोनशाकची सुटका

मोनशाक ही सील टाकीत एकाच दिशेने फिरायची. काचेला नाक घासत एक फेरी, लगेच दुसरी. नाकाचं कातडं सोलवटून लाल झालं होतं. झैनेप रोज सकाळी त्यावर मलम लावायची आणि दुपारपर्यंत ते पार धुऊन जायचं.

कास्पियनच्या काठावरच्या त्या खासगी मत्स्यालयात झैनेप बारा वर्षं कामाला होती. सीलचं हे पिल्लू तिच्या धाकट्या दिराच्या, ओरिनबायच्या जाळ्यात सापडलं होतं. गळ्यात दोर रुतलेला, अंगात त्राण नाही. झैनेपने बाटलीने दूध पाजून, रात्रंदिवस उशाशी बसून त्याला जगवलं. मण्यांसारखे डोळे, म्हणून नाव ठेवलं मोनशाक, म्हणजे मणी. बरी झाल्यावर मालक दौलेतने तिला समोरच्या मोठ्या टाकीत हलवलं. लोक लांबून लांबून बघायला येऊ लागले, आणि दोन वर्षं अशी निघून गेली.

"मालक, तिला सोडू या," झैनेप एक दिवस म्हणाली.

"कुठे सोडतेस? समुद्र दरवर्षी मागे सरकतोय. बाहेर जाळी, रोगराई. इथे आयतं खाते, डॉक्टर आहे. काय कमी आहे तिला?"

"तुम्ही एकदा तासभर तिच्यासमोर बसा, मग सांगा."

"तासभर? मला दुसरे उद्योग नाहीत?"

पण एका रविवारी, बंद झाल्यावर, तो खरंच खुर्ची ओढून बसला. उठला तेव्हा झैनेपकडे न बघताच म्हणाला, "घेऊन जा. मात्र मेली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

झैनेपने हाताने भरवणं बंद केलं. मोनशाकला मागच्या हौदात हलवून त्यात जिवंत बोय मासे सोडले. मोनशाक नऊ दिवस उपाशी राहिली, कठड्यावर डोकं ठेवून झैनेपकडे बघत राहिली. झैनेप तिच्याशी बोलायचीसुद्धा बंद झाली. घरी गेल्यावर तिला चहाही गोड लागत नसे. दहाव्या दिवशी मोनशाकने पहिला मासा पकडला.

सप्टेंबरात डॉक्टरांनी मोनशाकच्या पोहायच्या मागच्या पराला पिवळा बिल्ला अडकवला आणि ओरिनबायने आपली होडी काढली. पाण्यात पडताच मोनशाक दिसेनाशी झाली. मग थोड्या अंतरावर डोकं वर आलं आणि ती सरळ होडीकडे आली.

"वहिनी, हाकल तिला. माणसाला बिलगली तर पुन्हा जाळ्यात जाईल."

झैनेपने वल्हं पाण्यावर आपटलं. मोनशाक हटेना. तिसऱ्या वेळी वल्हं तिच्या पाठीवर बसलं. मोनशाक क्षणभर तशीच तरंगली, मग बुडी मारून गेली ती गेलीच.

एप्रिलमध्ये किनाऱ्यावर मेलेले सील येऊन पडू लागले. कोणी म्हणे रोग, कोणी म्हणे पाण्यात काही सोडलंय. झैनेप ओरिनबायला घेऊन निघाली. वाळूत पडलेल्या प्रत्येकाचा मागचा पर ती उलटून बघत होती. अकराव्याला पिवळा बिल्ला होता.

ती गुडघ्यांवर बसली. मोनशाक चांगली भरली होती, उपाशी मेलेली दिसत नव्हती. नाकावरची जखम पूर्ण भरून आली होती, वर नवी लव उगवली होती. झैनेपने त्यावरून बोट फिरवलं.

"सात महिने," ती म्हणाली.

ओरिनबाय तिच्या शेजारी येऊन बसला. "टाकीत असती तर वीस-पंचवीस वर्षं काढली असती, वहिनी."

"हो. काढली असती."

"मग?"

"मग काय? मला माहीत नाही."

त्यांनी मोनशाकला काठापासून दूर, उंचवट्यावर पुरलं. परत फिरताना ओरिनबाय थबकला. दगडांच्या आडोशाला एक पिल्लू पडलं होतं, अंगावरची पांढरी लव अर्धी झडलेली. बरगड्या हलत होत्या. शेजारी त्याची आई मरून पडली होती.

"उचलू?" त्याने विचारलं.

झैनेपने मागे वळून उंचवट्याकडे पाहिलं. पिल्लाने एकदा तोंड उघडलं, आवाज निघाला नाही.

"उचल," ती म्हणाली आणि अंगातला कोट काढून तिने वाळूवर पसरला.

गाडीतून तिने दौलेतला फोन केला. मोनशाकचं सांगितलं. मग तिने पिल्लाचं सांगितलं.

"घेऊन ये," तो लगेच म्हणाला. "समोरची टाकी आजच धुऊन घेतो."

"समोर नाही. मागच्या हौदात. लोकांनी बघायचं नाही, आणि बरं झालं की सोडायचं."

"आणि मग तेही असंच किनाऱ्याला लागलं तर?"

झैनेपने पिल्लाभोवतीचा कोट घट्ट केला.

"आधी जगू दे तर," दौलेत म्हणाला. "पुढचं पुढे बघू."

त्या 'बघू'चा अर्थ शेवटी समोरची टाकीच, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने ओरिनबायला गाडी जोरात हाणायला सांगितलं. मांडीवरचं पिल्लू थंड पडत चाललं होतं.