दादांची तुला

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. भाजीवालीच्या हातात असतो तसला नव्हे हं! मला उचलायला दोन गडी लागत. लोखंडाची जाड दांडी, तिच्या दोन्ही टोकांना साखळ्या, साखळ्यांना टांगलेली फळ्यांची दोन पारडी आणि दांडीच्या मधोमध बोटभर लांबीचा काटा. दोन्ही पारडी सारखी झाली की तो काटा ताठ उभा राहतो. सध्या मी पनवेलच्या बंदराजवळ एका बंद वखारीत भिंतीला टेकून पडलो आहे. माझं एक पारडं निखळलं आहे आणि त्यात मांजरीने पिल्लं घातली आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला घडवणाऱ्या लोहाराने पारडी अदलाबदल करून मला पुन्हा पुन्हा तोलून पाहिलं. मग तो वखारीच्या मालकाला म्हणाला, "न्या बिनघोर. हा कधी खोटं बोलायचा नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं आणि मी जरा शिष्टच झालो. वर्षातून एकदा सरकारी साहेब येऊन माझ्यावर शिक्का मारून जात, तेव्हा तर मी साखळ्यासुद्धा वाजवून घेत असे.

माझी वखार मिठाची होती. खाडीकाठच्या आगरांतून मीठ यायचं आणि जगन मापाडी ते माझ्यावर तोलायचा. जगन कधी पारड्याला बोट लावत नसे. काम संपलं की मला गोड्या पाण्याने धुवायची तिथे रीत होती, कारण मीठ लोखंडाला खातं. आगरवाल्यांची पोरंसुद्धा हे जाणून असत. जगनच्या गावची भामा तर स्वतःचं मीठ तोलून झालं की पदर खोचून मला स्वतःच धुवायची. असे लाड दुसऱ्या कोणी केले नाहीत.

भामाकडे सांगण्यासारखी एक गोष्ट होती. नव्या शहरासाठी गावांच्या जमिनी जाऊ लागल्या, त्या वर्षांत कमळाकरदादा नावाचे पुढारी गावकऱ्यांबरोबर उन्हातान्हात चालले होते. त्यांनी उपोषणही केलं होतं. एका दुपारी ते भामाच्या आगराच्या बांधावर बसले आणि तिच्या हातची भाकरी, कैरी आणि आगरातलं मीठ एवढंच जेवले. जाताना म्हणाले, "ताई, ही चव विसरणार नाही." भामा ही गोष्ट दर हंगामात सांगायची. आधी एकच भाकरी होती, पुढे पुढे दोन झाल्या. पण ऐकताना मलाही दादा फार आवडू लागले. एकदा तरी त्यांना जवळून पाहावं असं वाटे.

नव्वद साल उलटून गेल्यावरची ही गोष्ट. दादा निवडणुकीला उभे राहणार होते. प्रचारनिधीसाठी त्यांची तांदूळतुला करायची ठरली. म्हणजे एका पारड्यात दादांना बसवायचं, दुसऱ्यात घराघरांतून आणलेला तांदूळ घालायचा आणि तो तांदूळ मग लिलावात विकायचा. त्यासाठी नेमलेल्या समितीचे चिटणीस अविनाश बँकेत नोकरीला होते. ते वखारीत मला बघायला आले आणि म्हणाले, "तांदूळ किती गोळा करायचा? दादांचं वजन किती असेल?"

"दादांचा काय वजन?" जगन हसला. "वाऱ्यानं उडतील."

"मी बघितलाय ना त्यांना उपोषनात," भामा म्हणाली. "नुसती हाडं."

झालं! त्या अंदाजाने तांदूळ ठरला. एवढ्या माणसांत एकालाही त्यांच्या घरी फोन करून विचारावंसं वाटलं नाही. मानाच्या माणसाला वजन विचारायचं तरी कसं? मला तेवढं कळत नव्हतं असं नाही, पण मीही माझ्याच आनंदात होतो. मला खोबरेल लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. वखारीसमोर मंडप उभा राहिला आणि तुला माझ्यावर होणार म्हणून मी अगदी हरखून गेलो.

दादा नव्याकोऱ्या जीपमधून आले. ते उतरले मात्र, आणि भामाने ओढून घेतलेला पदर तसाच हातात राहिला. मित्रांनो, दादा चांगले भरले होते. गाल वर आले होते, झब्बा पोटावर ताणला होता. त्यात काही गुन्हा नाही. वय होतं, माणूस भरतो. ते हात जोडत आले आणि माझ्या पारड्यात मांडी घालून बसले.

पारडं जमिनीला टेकलं आणि मला सगळं कळून चुकलं.

तांदळाची पोती एकेक करून दुसऱ्या पारड्यात चढली. कर्ण्यावरून "टाळ्या!" झालं, टाळ्या वाजल्या. शेवटचं पोतं चढलं तरी ते पारडं आपलं वरच. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. दादा रुमालाने मान पुसू लागले. तुला अर्धी सोडून उठणं अशुभ मानतात, त्यामुळे त्यांना उठताही येईना. आपल्या गावांनी आणलेलं कमी पडलं म्हणून बायका एकमेकींकडे बघेनात. अविनाश घामाघूम होऊन जगनच्या कानाशी लागले, "जरा पाय ठेव ना पारड्यावर. कोणाला कळतंय?"

"नाय साहेब," जगन म्हणाला. "समोर दादा बसलेत."

तेवढ्यात भामा पुढे आली. वखारीच्या ओट्यावर तिच्या मिठाची पोती उभी होती. ती विकून तिला घरावर नवी कौलं घालायची होती. सगळा हंगाम ती तेच बोलत आली होती.

"जगन, माजा मीठ घे," ती म्हणाली.

"वैनी, अगो कौलांचा काय?"

"घे बोलले ना. दादा काय रिकामे उठतील?"

मिठाची पोती चढली. शेवटी थोडं मीठ सुपाने घालावं लागलं. हळूहळू दादा जमिनीवरून उचलले गेले आणि माझा काटा मध्यावर आला. अविनाशच्या पत्नी सुमतीबाई यांनी वरून तुळशीचं पान ठेवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. गावांची अब्रू राहिली असं वाटून मी ताठ उभा राहिलो, आणि भामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तांदूळ जीपमागच्या टेम्पोत चढू लागला. टेम्पो भरला. उरलेलं जीपमध्ये घालायला कार्यकर्त्यांनी मिठाच्या पोत्याला हात लावला. भामा जवळच उभी होती. दादांनी ओळखावं, एवढंच तिला हवं होतं. दादा पाठमोरे होते. थकलेल्या आवाजात, सहज बोलावं तसं ते म्हणाले, "मीठ राहू द्या इथेच. नवी गाडी आहे, गंजेल."

निरोपाला हात जोडत वळले आणि समोर भामा.

"ताई, तुम्ही..." ते तिचा चेहरा आठवू लागले. त्यांना भाकरी आठवली की नाही, मला आजही माहीत नाही.

"बरोबर हाय दादा," भामा जमिनीकडे बघत म्हणाली. "मिठानं लोखंड गंजतंयच."

दादांचे जोडलेले हात खाली आले. ते गाडीत जाऊन बसले. अविनाश माळा काढण्यात गुंतले, सुमतीबाईंना एकाएकी पाणी प्यायचं आठवलं. जगन माझ्या साखळीशी उगाच चाळा करत राहिला. मला तर दांडीसकट जमिनीत जावंसं वाटलं. नजर चुकवायला मला डोळे नाहीत, माझा काटा मात्र सगळ्यांना दिसत होता.

त्या गडबडीत मला धुवायचं राहून गेलं. सकाळी भामा हंडा घेऊन आली.

"वैनी, मीठ परत नेऊन ठेवू काय?" जगनने विचारलं.

"दिलेला परत घेत नाय. सोनाबाई कोळणीला सांग, मासली खारवायला नेल."

तिने मिठाचं पारडं धुतलं. मग दुसऱ्या बाजूला आली आणि दादा बसले होते ते पारडंही चोळून चोळून धुऊ लागली.

"त्यात मीठ नव्हता, वैनी."

"ठाव हाय," भामा म्हणाली आणि हंडा पुरा रिता केला.

त्या वर्षी तिच्या घरावर प्लास्टिकचं कापड आलं. पुढच्या हंगामात ती मीठ घेऊन आली, मला धुऊनही गेली, पण भाकरीची गोष्ट तिने सांगितली नाही. त्यानंतरही कधी नाही. मग आगरांवर भराव पडला, वखारी बंद होत गेल्या, आकडे दाखवणारे विजेचे काटे आले आणि मी भिंतीला लागलो. जगनही आता येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं जुनं लोखंड कुठे दिसलं तर त्यावर थोडं गोडं पाणी ओता आणि कोरडं पुसून ठेवा, एवढी विनंती आहे. आणि कोणी हात पसरून आपल्याजवळचं तुमच्यापुढे ठेवलं, तर ते काय आहे ते मागाहून बघा, आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघा.

मी जन्मात खोटं बोललो नाही. त्या दिवशीही नाही. एका पारड्यात दादा होते, दुसऱ्यात गावांचा तांदूळ आणि भामाचं मीठ होतं, आणि दोन्ही सारखे आहेत असं मी भर मंडपात, सगळ्यांदेखत सांगितलं. वजन बरोबर होतं. त्याचीच मला लाज वाटते.